दाणा उजवीकडेच का?
‘शेंगदाणा श्वासनळीत गेला तर उजव्या फुप्फुसातच जातो’ हे नुसतं ऐकीव आहे का? मोठ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा खरंच तसं होतं. श्वासनळी १०-१२ सेंमी खाली आली की तिला दोन फाटे फुटतात. उजवा रुंद, जेमतेम अडीच सेंमीचा आणि बराचसा सरळ खाली जाणारा. डावा त्याच्या जवळपास दुप्पट लांब, अरुंद आणि महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या) कमानीखालून तिरका निघतो. घरंगळणारी वस्तू सरळ वाट धरणारच.

अगदी लहान मुलांत मात्र दोन्ही फाट्यांचे कोन जवळपास सारखे असतात, त्यामुळे दाणा डावीकडेही सापडतो. आपल्याकडे ठसका लागला की ‘वर बघ’ म्हणतात, ‘कुणीतरी आठवण काढतंय’ म्हणून हसतात. पण दाणे खाताना पोराला जोरदार ठसका लागला आणि मग ते शांत झालं, तर निर्धास्त होऊ नका. आत दाणा फुगतो, त्याच्या तेलाने नळीला सूज येते. एक्स-रेत दाणा स्वतः दिसत नाही! एकाच बाजूने घरघर ऐकू येत असेल तर तिथे दुर्बीण घालूनच बघावं लागतं.