मदत हवी आहे : ईम्स लाउंज चेअर आली, आता खोली कशी लावू?

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा घाईने, कारण मेअखेरीस सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येताहेत.

आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. अ‍ॅन आर्बरला एका घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं, तिथे ईम्स लाउंज चेअर आणि पाय ठेवायचा ऑटोमन असा जोड मिळाला. काळं चामडं, रोजवुड, बुडाशी ती बनवणाऱ्या हर्मन मिलर कंपनीचं लेबल शाबूत. १९५६ पासून ही खुर्ची बनतेच आहे, पण ब्राझिलियन रोजवुड १९९०च्या सुमारास बंद झालं, म्हणजे आमची त्याआधीची असावी. हर्मन मिलर इथल्याच झीलंडची आणि ती घडवणाऱ्या चार्ल्स व रे ईम्स या डिझायनर जोडप्याची ओळखही मिशिगनमधल्याच क्रॅनब्रुक कला अकादमीत झाली, त्यामुळे 'खुर्ची माहेरीच राहिली' हे वाक्य नवरा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

ती आली आणि बाकीची खोली एकदम गबाळी दिसायला लागली.

खोली सोळा बाय चौदा. भिंतीपासून भिंतीपर्यंत बिल्डरने घातलेलं बिस्किटी कार्पेट, करड्या रंगाचा अगडबंब एल आकाराचा सोफा, फायरप्लेसच्या वर टीव्ही. दक्षिणेला मोठी खिडकी, तिच्याखाली जमिनीत हीटिंगची जाळी. ईशान्य कोपऱ्यात सागवानी देवघर, शेजारच्या फळीवर समई आणि आईने दिलेली तांब्यापितळेची भांडी.

नवऱ्याला खुर्ची खिडकीच्या कोपऱ्यात हवी. उजेडात वाचता येईल म्हणतो. (वाचणार कोण, ते विचारू नका.) मला ते पटत नाही. एक तर थेट ऊन, दुसरं म्हणजे या खुर्चीची पाठ तिच्या पुढच्या बाजूपेक्षा देखणी आहे. वाकवलेल्या प्लायवूडचे दोन तुकडे, त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन काळ्या पट्ट्या, सगळं मागूनच दिसतं. ते भिंतीला लावून ठेवायचं? शिवाय ती गोल फिरते, आणि ऑटोमन पुढे ठेवला की पाच-साडेपाच फूट खाते.

दुसरी अडचण सासूबाईंची. बैठक जमिनीपासून जेमतेम पंधरा इंच, त्यात मागे उतार. पाठ मागेपुढे होत नाही, आहे तो कोन कायमचा. आपल्याला स्वर्गसुख, पण गुडघे दुखणारं माणूस त्यातून उठणार कसं? जवळ दुसरी कसली खुर्ची ठेवू, जी हिच्यापुढे केविलवाणी दिसणार नाही?

आणि तिसरं. इथली एक मैत्रीण म्हणाली, "समई-बिमई हलव, लूक बिघडतो." देवघर हलणार नाही, हे आधीच सांगते. पण दोन्ही एका खोलीत शोभतील का? बजेट बेताचं आहे, सगळं खुर्चीतच गेलं.

सुतारपक्षी : सजावट नंतर, आधी खुर्चीच्या दोन्ही हातांखाली बघा. पाठ आणि बैठक तिथेच जोडलेली असते, रबराच्या चकत्यांवर, आणि त्या चकत्या लाकडाला चिकटवलेल्या असतात. जुन्या खुर्चीत रबर कडक होतं. एक चकती निसटली की पाठ लाकडाचा टवका घेऊन सुटते आणि बसलेला माणूस मागे जातो. रबराला भेगा असतील तर कोणी बसू नका. घरी गोंद लावायला जाऊ नका, हेच काम करणारा माणूस शोधा. आणि हाताला धरून खुर्ची उचलायची नाही, सासूबाईंनासुद्धा सांगून ठेवा.

खिडकी नकोच. उन्हाने चामडं वाळतं, आणि थंडीत त्या जाळीतून येणारी कोरडी गरम हवा व्हेनियरला, म्हणजे वरच्या पातळ लाकडी थराला, भेगा पाडते. ह्युमिडिफायर लावा, आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवा. एक जास्तीचं : रोजवुड खरंच ब्राझिलियन असेल तर ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. कधी भारतात परतलात तर परवान्याशिवाय कंटेनरमध्ये टाकू नका.

जास्वंद : तुमच्या मैत्रिणीला सांगा, ईम्स जोडपं १९५८ साली भारतात आलं होतं. त्यांनी सरकारला दिलेल्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल तर लोट्याचं! त्याच अहवालातून पुढे १९६१ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. कॅलिफोर्नियातलं त्यांचं स्वतःचं घरही ओकंबोकं नव्हतं. खेळणी, गालिचे, झाडं, देशोदेशीच्या लोककलेच्या वस्तू यांनी भरलेलं होतं. पितळ ठेवा. फक्त लखलखीत घासलेलं सगळंच एका फळीवर मांडू नका. एक तांब्या, एक घंगाळ, मध्ये मोकळी जागा.

सासूबाईंसाठी अठरा इंच उंचीची, हात असलेली, सरळ पाठीची लाकडी खुर्ची घ्या. जुनी चालेल. जोड जुळवायला जाऊ नका, रोजवुडशेजारी नकली रोजवुड फार वाईट दिसतं. फिका ओक किंवा वेताची बैठक बघा.

धागाकर्ती : खुर्चीच्या हातांखाली वाकून बघितलं. उजवीकडच्या एका चकतीला बारीक भेग आहे, तेव्हा तूर्त बसणं बंद. नवरा रुसलाय. सुतारपक्षी, खरंच आभार.

जागा ठरली : सोफ्याचा एक भाग काढून तळघरात टाकतोय आणि खुर्ची फायरप्लेसपासून लांब, तिरकी, खोलीत चांगली तीन फूट आत. दारातून येताना पाठ दिसेल. मागे खांद्याच्या उंचीला उभा दिवा. मान मागे टेकल्यावर फायरप्लेसवरचा टीव्हीसुद्धा बरोबर दिसतो, म्हणजे इतकी वर्षं चुकीचा होता तो सोफा. आता गालिचा. कार्पेटवरच घालावा लागेल. पाच बाय आठ पुरेल का?

जास्वंद : नाही पुरणार, ऑटोमन बाहेर राहील. सहा बाय नऊ घ्या, पातळ विणीचा, सतरंजीसारखा. जाड गालिच्यावर पाच पायांची ती बैठक डुगडुगते. खाली न सरकणारी जाळी घाला, आणि रंग विटकरी असू दे. काळं आणि करडं तुमच्याकडे आधीच खूप झालंय.