स्कॉटलंडचा उन्हाळा: आपापल्या गल्लीतले अनुभव लिहा

धागाकर्ती, एडिनबरा

स्कॉटलंडच्या सहलीवर मराठीत भरपूर लिहून झालंय. एडिनबराचा किल्ला, लॉख नेस, आइल ऑफ स्काय, एक डिस्टिलरी, की परत. इथं घर करून राहणाऱ्यांचा उन्हाळा त्यात सापडत नाही, म्हणून हा धागा. अट एकच, स्वतः बघितलेलं लिहा. हवामानाची तक्रार चालेल, नुसती तक्रार नको.

माझ्यापासून सुरुवात करते. ऑगस्टमध्ये आमचं शहर आमचं राहत नाही. १९४७ साली इंटरनॅशनल फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा आठ नाटक कंपन्या बिनबोलावता येऊन थडकल्या आणि कडेकडेनं आपले प्रयोग लावून बसल्या. त्या आगंतुकांचा फ्रिंज आज मूळ उत्सवाला झाकून टाकतो. चर्चचं तळघर, पबची माडी, विद्यापीठाचे वर्ग, जिथं चार खुर्च्या मावतील तिथं रंगमंच. रॉयल माइलवरून ऑफिसला जाईपर्यंत हातात पत्रकांचा गठ्ठा जमतो. शेजारचे बरेच लोक घर भाड्यानं देऊन बाहेर पडतात. मी उलट रजा शिल्लक ठेवते, फुकट प्रयोग बघते आणि निघताना दारातल्या बादलीत पाच पौंड टाकते. वाईट प्रयोगही तासाभरात संपतो, हा फ्रिंजचा मोठा गुण!

२०२२ च्या ऑगस्टमध्ये कचरा कामगारांचा संप ऐन फ्रिंजमध्ये झाला होता. पिशव्यांचे ढीग आणि त्यांच्या शेजारी उभं राहून सेल्फी काढणारे पर्यटक. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचं पुणं बघितलेल्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही.

ग्लासगो, साउथसाइड

पारा विशीला टेकला की ग्लासगोतले पुरुष शर्ट काढतात. 'टॅप्स आफ'. बस स्टॉपवर, दुकानाच्या रांगेत, कुठेही. मी आपत्कालीन विभागात नर्स आहे. पहिल्या उन्हाच्या रविवारी संध्याकाळपासून लालबुंद पाठी यायला लागतात. सोबत डिस्पोजेबल बार्बेक्यूवर भाजलेले हात आणि पार्कात अनवाणी फिरून पायात घुसलेल्या काचा. हिवाळाभर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर काढलेली कातडी ती, एका दुपारीत सगळी वसुली करायला निघते. "ऊन एवढं नव्हतं हो," हे वाक्य ठरलेलं.

जुलैत ऑरेंज वॉक असतो. खिडकीखालून बासऱ्या आणि मोठा ढोल ऐकू आला तसा नवरा मोबाइल घेऊन खाली धावला, मिरवणूक म्हटल्यावर पाय थांबतात थोडेच. शेजारच्या काकांनी त्याला जिन्यातच गाठलं. १६९० मधल्या बॉयनच्या लढाईची आठवण, प्रोटेस्टंट आणि कॅथलिकांचं जुनं दुखणं, रस्ते बंद राहणार, दूध-पाव सकाळीच आणून ठेवा, असं सगळं नीट समजावलं. आता आम्ही त्या शनिवारी वेव्हर्ली गाठतो. समुद्रात चालणारी जगातली शेवटची पॅडल स्टीमर आहे ती. क्लाइडवरून रोथसेपर्यंत जायचं, आइस्क्रीम खायचं, वाऱ्यात केस विस्कटून परत. ग्लासगोचे कारखाने जुलैत पंधरवडाभर बंद असायचे तेव्हा सगळं शहर असंच 'डून द वॉटर' जायचं म्हणे.

आंब्याबद्दलही लिहून टाकते. हापूसची पेटी अल्बर्ट ड्राइव्हवर दिसते, भाव ऐकून मी जागेवर ठेवते. जुलैत पाकिस्तानी चौसा येतो. मी रत्नागिरीची, त्यामुळे नाव न देता लिहिते: चौसा उत्तम असतो. रस काढला, पुऱ्या केल्या, सासूबाईंना फोटो पाठवला. कुठला आंबा ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मुक्काम एडिनबरा, मूळ वाई

मी इथली नाही, उन्हाळ्यात मुलाकडे येते. चालेल ना लिहिलेलं? मुलगा टाइप करून देतो म्हणाला, पण मला येतं.

माझी पहिली अडचण दिव्याची. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायचा, हे लहानपणापासूनचं. जूनमध्ये इथं सूर्य मावळतो दहाला, त्यानंतरही कितीतरी वेळ उजेड. सूनबाई म्हणाली, आई, घड्याळ बघून सातला लावा. लावते. बाहेर लख्ख ऊन आणि आत समई. संकष्टीचा तर कहरच. चंद्रोदयाला मध्यरात्र उलटते, आणि ढगातून चंद्र दिसेलच असं नाही. मी आता वाईच्या चंद्रोदयाला उपास सोडते, म्हणजे इथले साडेपाच-सहा वाजतात. बाप्पाला चालत असावं.

इमारतीच्या मागे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक हिरवळ आहे, ड्राइंग ग्रीन. लोखंडी खांब, त्यांना दोऱ्या, मधे दोरी लोंबू नये म्हणून लांब काठीचा टेकू. तळमजल्यावर एक आजी राहतात, माझ्याहून वयानं मोठ्या. ऊन आणि वारा दोन्ही जमून आले की सकाळी जिना चढून येतात, दार वाजवतात आणि सांगतात, आज कपडे वाळवायला झकास दिवस आहे. एवढंच सांगायला! माझं इंग्रजी बेताचं, त्यांचं बोलणं सुनेलाही अर्धंच कळतं, पण कपड्यांबाबत आमचं काही अडत नाही. त्या मोजे जोडीनं लावतात आणि शर्ट उलटे टांगून खालच्या काठाला चिमटे लावतात. मी खांद्याला चिमटे लावले की येऊन काढतात आणि स्वतःच्या पद्धतीनं लावतात. एकदा मी नऊवारी दोरीवर घातली, ती या खांबापासून पार त्या खांबापर्यंत गेली. आजी बघत राहिल्या, मग आत जाऊन टेकूची आणखी एक काठी घेऊन आल्या.

त्यांच्या वाफ्यात रूबार्ब होतो. लाल देठ खायचे, पानं विषारी. त्या साखर घालून क्रम्बल करतात. मी देठांची आमटी केली, गूळ आणि गोडा मसाला घालून. चव अंबाडीच्या वळणावर जाते. वाटीभर खाली दिली. वाटी परत आली ती धुऊनपुसून, आत टॅब्लेटचे तुकडे. टॅब्लेट म्हणजे साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची इथली वडी. आपली नारळाची वडी तिच्यापुढे पथ्याची वाटेल.

आबर्डीन

काकू, तुमच्या आजींना आमच्याकडे पाठवू नका, हार बघून त्यांचा जीव जाईल. हार म्हणजे नॉर्थ सीवरून येणारं धुकं. वरची हवा गरम आणि खालचा समुद्र गार, की हे तयार. मग किनाऱ्यावरच्या आम्हाला दिवसभर ओला करडा पडदा आणि बारा डिग्री. गाडी काढून डी नदीच्या कडेनं बँकरीला जावं तर तिथं लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खातायत. एकाच नदीकाठी, एकाच दुपारी! ग्रॅनाइटची घरंही करडीच, त्यामुळे अशा दिवशी शहर नेमकं कुठे संपलं ते कळत नाही.

आमच्या घरी हारचा वेगळा जाच आहे. नवरा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर काम करतो, ये-जा हेलिकॉप्टरनं. हिवाळ्यातली वादळं सगळ्यांना माहीत असतात, पण जूनमध्ये धुक्यानं उड्डाणं खोळंबतात हे सासरी कुणाला पटत नाही. लेकीच्या वाढदिवसाला बाबा तिकडे अडकला आणि केक दोन दिवस फ्रिजमध्ये राहिला. तो आला त्या संध्याकाळी आम्ही केक घेऊन टोरी बॅटरीवर गेलो. बंदराच्या तोंडाशी डॉल्फिन येतात ते तिथून दिसतात. त्या दिवशी आलेही. दुर्बीण लागत नाही.

इन्व्हरनेस

मिजेसचं अजून कुणीच लिहिलं नाही? मग तुम्ही सगळे पूर्वेकडचे किंवा शहरातले.

मच्छर एकटा येतो, गुणगुणतो, टाळी वाजवून मारता येतो. मिज टाचणीच्या डोक्याएवढी असते आणि हजारोंनी येते. चावते ती मादी. वारा पडलेला, हवा दमट, सकाळ किंवा संध्याकाळ, की तुमच्या श्वासाचा माग काढत थवा हजर. ताशी सातेक मैलांचा वारा सुटला की त्यांना उडता येत नाही. त्यामुळे पश्चिम हायलँड्समध्ये तंबू ठोकायची जागा निवडताना सगळे आडोसा बघतात, मी उघडी टेकाडं बघतो. ग्लेनकोमध्ये पुण्याच्या पाहुण्यांनी ओढ्याकाठी, झाडाखाली छान सपाट जागा शोधली होती. बोललो, ऐकलं नाही. सकाळी सातला पोहे परतायचे होते, पोहे राहिले बाजूला आणि सगळे गाडीत काचा वर करून बसलेले. कोळी वापरतात तसल्या बारीक जाळीची टोपी दुकानात मिळते. फोटोत भयाण दिसते, घ्याच. इथं हवामानासारखा मिजेसचाही अंदाज जाहीर होतो, निघण्याआधी तो बघा.

तंबूवरून आठवलं, २००३ च्या कायद्यानं बहुतेक मोकळ्या रानात फिरायला आणि मुक्काम करायला परवानगी आहे. लॉख लोमंडच्या बऱ्याच काठांवर मात्र मार्च ते सप्टेंबर परवाना काढावा लागतो.

डंडी

आमच्याकडचा उन्हाळा रासबेरीचा. टे नदीच्या खोऱ्यात, ब्लेअरगाउरीपासून अँगसपर्यंत, शेतंच्या शेतं प्लास्टिकच्या बोगद्यांखाली. पूर्वी शाळेची सुट्टी लागली की शहरातली कुटुंबंच्या कुटुंबं बेऱ्या तोडायला इथं येऊन राहायची. आमच्या ऑफिसातले साठीचे गृहस्थ सांगतात, पहिली सायकल त्याच पैशांतून घेतली. आता हंगामी व्हिसावर परदेशातून मजूर येतात, आणि आमच्यासारखे हौशी 'स्वतः तोडा' शेतांवर. पिकलेली रासबेरी ओढावी लागत नाही. बोट लावलं की पांढरा देठ झाडावर ठेवून अलगद हातात येते. ओढावी लागली तर ती आंबट, सोडून द्या. जाताना टोपलीचं वजन होतं, मुलांचं होत नाही, यावर शेताचा धंदा कसा चालतो देव जाणे.

२०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धांमधली नेमबाजी ग्लासगोत नव्हती, हे कुणाला आठवतंय? ती इथून जवळ, कार्नुस्टीपाशी, बॅरी बडनच्या लष्करी रेंजवर होती. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं आणि अनिसा सय्यदनं रौप्य. मी प्रेक्षकांत होतो. ओरडायची सोय नव्हती, म्हणून नंतर गाडीत बसून ओरडलो.

लर्विक, शेटलंड

साठाव्या अक्षांशावरून थोडक्यात. जूनच्या मध्यरात्री इथं काळोख होत नाही, निळसर संधिप्रकाश तेवढा राहतो. त्याला सिमर डिम म्हणतात. काळे पडदे लावूनही आमचं पोर दोन वाजता उठून "सकाळ झाली" म्हणतं आणि त्याला खोटं पाडता येत नाही. सम्बरो हेडला पफिन हे समुद्रपक्षी इतक्या जवळ येतात की मोबाइलनं फोटो निघतो. ऑगस्टमध्ये या, ते गेलेले असतील.

सेलकर्क

बॉर्डर्समधून लिहितोय. जूनमध्ये आमच्या गावची कॉमन रायडिंग असते. शेकडो घोडेस्वार गावाच्या जुन्या शिवेवरून फिरून येतात. पहाटेच पथकं वाजवून गाव उठवलं जातं, दुकानं बंद. मी औषधांचं दुकान सांभाळतो. आधीच्या आठवड्यात घोड्यावर बसून सालपटं निघालेल्यांना मलम देण्यातच माझा वेळ जातो. गावदेवीच्या जत्रेला नोकरीसाठी गेलेली माणसं जशी परततात तशी इथं परततात, फक्त ती कॅनडा-ऑस्ट्रेलियातून येतात.

स्वार परतले की बाजारचौकात झेंडे फिरवण्याचा विधी होतो. १५१३ च्या फ्लॉडनच्या लढाईत गावातून गेलेल्यांपैकी एकटा फ्लेचर परतला आणि त्यानं शत्रूचा झेंडा जमिनीवर टाकला, अशी आख्यायिका आहे. गावाचा झेंडा होतो, मग विणकरांचा, लोहारांचा, असे एकेक. त्यात एक झेंडा परदेशी गेलेल्यांच्या संघाचा असतो. गाव सोडून गेलेल्यांना गावानं स्वतःच्या विधीत झेंडा द्यावा, हे मला फार आवडलं. झेंडे झाले की सगळा चौक गप्प उभा राहतो, दारू प्यालेलेसुद्धा.

गरमीबद्दल: १९ जुलै २०२२ ला आमच्या भागातल्या चार्टरहॉलला ३४.८ अंश नोंदले गेले, स्कॉटलंडचा उच्चांक. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंखा कुठल्याच दुकानात शिल्लक नव्हता. खिडकीला ओली चादर लावायचा आपला विदर्भी उपाय मी गिऱ्हाइकांना औषधाच्या पिशवीबरोबर फुकट देत होतो.

एडिनबरा, स्टॉकब्रिज

क्रिकेट राहिलं. शनिवारी क्लबचा सामना असतो, रात्री आठलाही चेंडू स्वच्छ दिसतो, फक्त पाऊस नको. १० जून २०१८ ला ग्रेंजच्या मैदानावर स्कॉटलंडनं इंग्लंडला सहा धावांनी हरवलं, ३७१ विरुद्ध ३६५. क्लबातले म्हातारे अजून त्यावर जगतात. आणि २००३ चा उन्हाळा राहुल द्रविड स्कॉटलंडकडून खेळला होता, हे तुमच्या इथल्या सहकाऱ्यांना जरूर सांगा. निम्म्यांना खोटं वाटतं.

धागाकर्ती

वा! एक प्रश्न मधेच: आईबाबांना पहिल्यांदा बोलवायचं तर कधी? शाळा जूनच्या अखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या मध्यावर भरतात, मुलांची सुट्टीही जमायला हवी.

इन्व्हरनेस

मुलांची सुट्टी विसरा, मेमध्ये बोलवा. पश्चिम किनाऱ्यावर चांगलं ऊन बहुधा मेमध्येच मिळतं, पफिन आलेले असतात, मिजेसचा जोर सुरू व्हायचा असतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. बेटांवर जायचं असेल तर गाडीसाठी फेरीचं आरक्षण त्याच दिवशी बघून ठेवा. आणि 'उन्हाळ्यात चाललोय' म्हणून त्यांनी स्वेटर माळ्यावर टाकले असतील तर ते आधी खाली काढायला लावा.