म्यानातून ओढला की घडीचा चाकू उघडलाच पाहिजे, असं कव्हर घरी बनतं का?

अंबडचा बागवाला
राम राम मंडळी. आमची मोसंबीची बाग आहे, आंबे बहार (मोसंबीच्या फुलोऱ्याचा एक हंगाम) धरलेला, आता फळ वजनाला यायलंय म्हणून दिवसभर फांद्यांना बांबूचे टेकू देणं चालू आहे. एका हातानं फांदी उचलून धरायची, खांद्यानं बांबू दाबायचा आन् दुसऱ्या हातानं सुतळी कापायची, म्हणजे चाकू उघडायला हातच शिल्लक राहत नाही. दातानं उघडायचा प्रयत्न केला तर घरची ओरडली, आन् बरोबरच ओरडली.

माझा चाकू घडीचा आहे, पातं ३ इंच, पात्याच्या बुडाला एका बाजूला अंगठ्यानं ढकलायची बारकी खुंटी, उघडला की आत पट्टीचं लॉक बसतं. एका व्हिडिओत बघितलं की कमरेच्या प्लास्टिकच्या म्यानातून चाकू वर ओढला की बाहेर येता येताच पातं उघडतं. ते मोल्ड केलेलं म्यान कसं बनवतात? माझ्याकडं हीट गन आहे (ठिबकच्या कामाला घेतलेली), ड्रिल आहे, कानस आहे. चामड्याचं करून बघितलं होतं पण डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) खरवडल्यावर पात्याचा चिकट डिंक आत बसतो, चामडं ओलं राहतं, आन् एका झाडाची घाण दुसऱ्या झाडाला लागायची भीती. धुता येईल असं पाहिजे. कुणी केलंय का?

वाळूज टूलरूम
भाऊ, केलंय, दोन केलेत, पहिलं बिघडलं होतं म्हणून सांगतो नीट.

आधी त्यामागची युक्ती समजून घ्या, म्हणजे माप चुकणार नाही. अमेरिकेत अर्नेस्ट इमर्सन म्हणून चाकू बनवणारे आहेत, त्यांनी पात्याच्या पाठीवरच एक आकडा काढला, खिशातून चाकू ओढला की तो आकडा खिशाच्या काठाला अडकतो आन् पातं उघडतं. स्पायडर्को कंपनीच्या चाकूला १९८१ पासून पात्यात गोल भोक असतं, हौशी लोक त्या भोकात केबल टाय आवळून तेच काम करून घेतात. तुमच्या चाकूला आकडाही नाही न् भोकही नाही, पण खुंटी आहे, म्हणून आकडा चाकूला नाही तर म्यानाला काढायचा. सगळा खेळ एवढाच.

चाकू बंद करून मुठीचं टोक वर आन् पिन (ज्यावर पातं फिरतं ती) खाली, असा धरा. पात्याची पाठ, म्हणजे ज्या फटीतून पातं बाहेर येतं ती बाजू, कमरेला लावल्यावर मागं असली पाहिजे. म्यान फक्त पुढून घडी घातलेलं आन् मागून पूर्ण उघडं, इंग्रजी यू सारखं, कारण पातं मागच्या अंगानं अर्धा फेरा मारून बाहेर येणार, त्याला वाट लागते. आता खुंटी ज्या भिंतीकडं आहे त्या भिंतीला, खुंटीच्या बरोबर वर, मागं निघालेली एक जीभ ठेवायची. चाकू वर ओढला की खुंटी जिभेखाली अडते, मूठ वर जात राहते, मग पात्याला फिरल्याशिवाय गत्यंतरच नसतं.

जिभेची लांबी हेच खरं माप. पिनेच्या मध्यापासून खुंटीच्या मध्यापर्यंत व्हर्नियरनं मोजा. माझ्या चाकूत ११ मिमी आलं होतं. जीभ साधारण तेवढीच ठेवा. पहिल्या म्यानात मी ७ मिमी ठेवली होती, खुंटी लवकर सुटायची आन् पातं अर्ध्यात लटकायचं, अर्धवट उघडलेला चाकू हातात म्हणजे सगळ्यात वाईट. दुसऱ्यात जास्तच लांब ठेवली तर खुंटी खाली अडकूनच बसली. म्हणून आधी २ मिमी जास्त ठेवा आन् कानशीनं घासत घासत उतरवा, आन् जिभेची खालची कड मागच्या बाजूला किंचित चढती घासा म्हणजे खुंटी शेवटी सरकून सुटते.

मटेरियल म्हणाल तर कायडेक्सची (तापवलं की वळणारं कडक प्लास्टिक) शीट ऑनलाइन मिळते, २ किंवा २.४ मिमीची घ्या. १६० ते १७५ डिग्रीला ती पापडासारखी लवचिक होते. बागेतला पीव्हीसी पाइपही चालतो, उभा चिरायचा, हीट गननं मऊ करून दोन प्लायवूडमध्ये दाबून सपाट करायचा. पीव्हीसी ८० डिग्रीच्या पुढं मऊ पडायला लागतं, ११०-१२० ला छान वळतं, पण एका जागी गन धरून काळं करू नका, जळालं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर सुटतो, घसा धरतो. काम अंगणात करा, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तर अजिबात नको, कायडेक्ससुद्धा नको.

चाकूवर मास्किंग टेपचे दोन थर द्या (तेवढीच ढील राहते), गरम शीट त्याच्यावर घडी घाला, वरून खालून जाड फोमचे तुकडे, त्याच्यावर फळ्या आन् दोन सी क्लॅम्प. १० मिनिटं हात लावायचा नाही. थंड झाल्यावर मुठीचा आकार त्याच्यात उमटलेला दिसतो आन् त्या आकारामुळंच चाकू धरून राहतो, मागून उघडं असलं तरी पडत नाही. बेल्टसाठी पट्टी रिबीटनं मारा. आन् चाकू वरून सरळ घालायचा नाही, खुंटी जिभेला आडवी येते. मागून थोडा तिरपा लावून पुढं दाबायचा, कट् आवाज येतो.

पहिल्या ५० वेळा पात्याच्या धारेवर टेप लावूनच ओढून बघा. ही विनंती समजा.

नर्सरी परभणी
वाळूजच्या दादांनी छान सांगितलं, पण मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. मी कलमं बांधतो, जंबेरीच्या रोपावर मोसंबीचे डोळे भरणं हा माझा रोजचा धंदा, चाकू म्हणजे माझं सहावं बोट. दोन वर्षांपूर्वी असाच झटक्यानं उघडणारा चाकू खिशात ठेवून मोटरसायकलवर निघालो, गचके बसून पातं खिशातच जरासं उघडलं, आन् रुमाल काढायला हात घातला तर अंगठ्याला ४ टाके. सुगीच्या तोंडावर तीन आठवडे घरी बसलो, मजूर लावून डोळे भरावे लागले.

तेव्हा दोन गोष्टी जरूर बघा. बंद पातं मुठीत किती घट्ट बसतंय ते रोज संध्याकाळी बघायचं, मूठ धरून खाली झटका द्यायचा, पातं जरा जरी बाहेर आलं तर पिनेचा स्क्रू आवळायचा. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ आन् मोसंबीचा डिंक, दोन्ही मिळून कधी पातं जाम करतात तर कधी ढिलं. दुसरं, ओढताना बोटं मुठीच्या दोन्ही सपाट बाजूंनाच, फटीकडं एकही बोट वळवायचं नाही, पातं तिकडूनच येतं. आन् मागं मजूर उभा असंल तर ओढायचंच नाही.

खरं विचाराल तर नुसत्या सुतळीला न घडणारा आखूड सुरा आन् साधं म्यानच मी वापरीन. पण तुम्हाला घडीचाच पाहिजे असंल तर वरची पद्धत बरोबर आहे. जुने घडीचे चाकू असतात ना, नखानं उघडायचे, पाठीला जाड स्प्रिंग असलेले, त्यांच्यावर हे जमत नाही, स्प्रिंग पातं परत ओढते. तुमचा पट्टी लॉकचा आहे म्हणून जमंल.

बीडची वकील
बनवण्याचं मला कळत नाही, पण एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा म्हणून लिहिते. शस्त्र नियमांमध्ये ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या-चाकूंचा उल्लेख येतो आणि घरगुती किंवा शेतीकामासाठीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे ३ इंची बागेचा चाकू शेतात वापरायला अडचण नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली सणवार, निवडणूक, मोर्चे अशा काळात शस्त्रं घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश निघतात, आपल्या जिल्ह्यांमध्ये तर वरचेवर निघतात, आणि तो मोडला तर कलम १३५ लागतं. तेव्हा कमरेला झटक्यात उघडणारा चाकू लावून आठवडी बाजारात, एसटीत, तहसीलमध्ये जाऊ नका हो भाऊ. "मी बागेतून आलो" हे पोलिसांना समजावत अख्खी दुपार घालवलेले शेतकरी मी पाहिलेत. बागेतून निघताना म्यानासकट चाकू अवजारांच्या पेटीत.

अंबडचा बागवाला
सगळ्यांचे आभार, मनापासून. ताई, तुमचं वाचून शेडमधल्या पेटीत जागा केली, कमरेला लावून गावात येणार नाही.

दादा, बनवलं! पाइपाचंच बनवलं, पहिला दिवस घडी घालण्यातच गेला, एकदा शीट कमी तापली आन् घडीवर पांढरी रेघ पडून चिरली, दुसऱ्यांदा नीट वळली. माझ्या चाकूचं माप ९.५ मिमी आलं. जीभ पाइपाचीच ठेवली होती, टेप लावून ओढून ओढून विसाव्या वेळेलाच तडकली. मग फ्रेमवाल्याकडून अॅल्युमिनियमच्या पट्टीचा तुकडा आणला, दोन पॉप रिबीट मारून वरून तीच जीभ बसवली, आता हलत नाही. काल सकाळी दहिवर असतानाच बागेत गेलो, डाव्या हातात फांदी, खांद्याला बांबू, उजव्यानं ओढला, खट् करून पूर्ण उघडला न् लॉक पण बसलं. सुतळी कापली, बंद करताना मात्र बांबू सोडून दोन्ही हातांनी केला. संध्याकाळी म्यान साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रशनं घासलं, डिंकाचा थेंबसुद्धा राहिला नाही. खरवडलेल्या खोडांना आता बोर्डो पेस्ट लावायलोय, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. हे त्यांच्यासाठी लिहिलं जे डिंक्याचं वाचून इथं येतील.

एकच विचारायचं राहिलं. धाकटा भाऊ डावखुरा आहे, त्याला पण असंच पाहिजे, त्याच्यासाठी जीभ दुसऱ्या भिंतीवर घ्यावी लागंल का? चाकू सेम आहे.

वाळूज टूलरूम
वा भाऊ, अॅल्युमिनियमची जीभ हे बरं केलंत, पाइप उन्हात ठिसूळ होतो, ती आज ना उद्या तुटलीच असती.

भावासाठी जीभ तिथंच राहू द्या. चाकू तोच असंल तर खुंटी त्याच बाजूला आहे. कमरेच्या डाव्या अंगाला लावल्यावरही फट मागंच पाहिजे, मग बदलते ती फक्त बेल्टची पट्टी, ती दुसऱ्या भिंतीवर मारा. रिबीटची टोपी आतल्या बाजूला मुठीला घासू देऊ नका, भोक थोडं खोलगट करून घ्या. आन् त्याला पण ५० वेळा टेप लावूनच.