विषय: योसेमिटीच्या ट्रेकसाठी घरी वाळवलेलं जेवण, परवडतं का?

नमस्कार मंडळी,

जुलैत आम्ही चौघं कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तीन रात्री मुक्कामी ट्रेकला जातोय. दुकानातली फ्रीझ-ड्राइड (गोठवून वाळवलेल्या जेवणाची) पाकिटं बघितली, एकेक 12-13 डॉलरला. नुसती रात्रीची जेवणंच दीडशेवर जातात, आणि मुलांना दुसऱ्याच दिवशी वरणभात हवा असतो. डिहायड्रेटर (अन्न वाळवायचं मशीन) विकत घेऊन घरीच खिचडी वाळवली तर स्वस्त पडेल का? कुणी नीट हिशेब मांडलाय का?

सनीव्हेलहून

*

ताई,

मी तीन उन्हाळे वाळवतेय आणि आकडे वहीत लिहून ठेवते. मागच्या खेपेचंच सांगते. 400 ग्रॅम तांदूळ, 200 ग्रॅम मूगडाळ, गाजर, मटार, आलं, मसाला मिळून 6 डॉलर. कुकरमध्ये गरगटीत शिजवली, शीटवर डावाच्या पाठीनं भाकरीइतकी पातळ पसरली आणि 135 फॅरनहाइटला 10 तास ठेवली. मध्ये एकदा उलथून तुकडे मोडले. मशीन 500 वॉटचं आहे, म्हणजे फार तर 5 युनिटं. आपल्याकडे युनिट 40 सेंटच्या आसपास पडतं, तेव्हा 2 डॉलर वीज. पिशव्यांचा डॉलरभर धरा. 9 डॉलरमध्ये सहा जेवणं, म्हणजे माणशी दीड डॉलर. माझं मशीन 90 डॉलरचं होतं, दुकानातल्या पाकिटांचे पैसे वाचले त्यातून ते नऊ जेवणांतच वसूल झालं.

पण वजनाबद्दल गैरसमज नको. वाळलेली खिचडी भरली 640 ग्रॅम. कच्चे डाळतांदूळ आणि भाजीतला कोरडा ऐवज जेवढा, जवळजवळ तेवढीच! आपण वाचवतो तो गॅस. दहा हजार फुटांवर पाणी 90 सेल्सिअसलाच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही आणि कुकर काही पाठीवर नेता येत नाही. घरी शिजवून वाळवलेल्या खिचडीत उकळतं पाणी ओतायचं, पिशवी टॉवेलात गुंडाळायची, वीस मिनिटांत मऊ. शिवाय योसेमिटीत अस्वलापासून अन्न राखायला कॅनिस्टर, म्हणजे त्याला उघडता न येणारा मजबूत डबा, सक्तीचा आहे आणि त्यात जागा मोजकी असते. दुकानातली फुगीर पाकिटं त्यात बसवताना नाकी नऊ येतात. घरची पिशवी हवा काढून चपटी करता येते.

तूप-तेल मात्र आधी घालू नका. ते वाळत नाही, खवट होतं. छोट्या बाटलीत तूप वेगळं न्या आणि पानात चमचाभर घाला, त्याशिवाय शंभर ग्रॅमच्या पाकिटात दिवसभर चालणाऱ्याचं पोट भरत नाही. अख्खा राजमाही टाळा. पहिल्या वर्षी मी वाळवला होता, अर्धा तास भिजवूनही खड्यासारखा राहिला आणि धाकटा उपाशी झोपला. मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून राजमा ठेचूनच वाळवते. पिशवी भरण्याआधी चिमटीत दाबून बघा: रव्यासारखं कुस्करलं तर झालं, चामड्यासारखं वाकलं तर परत मशीनमध्ये.

फ्रीमाँटची काकू

*

काकू, हिशेब पटला. एक भर घालतो. सगळ्यालाच मशीन लागत नाही. रवा भाजून त्यात कोरडी फोडणी, मीठ, साखर घातली की उपम्याचं पाकीट तयार. पातळ पोहे भाजून घेतले तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटांत होतात. भातावर घालायला मेतकूट आहेच. आपल्या आज्यांनी सांडगे-कुरडया उन्हात वाळवल्या त्या याच विचारानं. सकाळची जेवणं अशी काढलीत तर मशीन फक्त रात्रीच्या खिचडी-आमटीला लागेल. आणि वर्षातून एकदाच ट्रेकला जाणाऱ्यानं 90 डॉलर घालण्यापेक्षा मशीन मागून आणावं. आपल्या मंडळानं दोन मशीनं घेऊन ठेवली तर कितीतरी घरांची सोय होईल. हा विषय कार्यकारिणीपुढे मी मांडतो.

सॅन होजेहून

*

काकू, काका, मनापासून आभार. मशीन घेत नाही. काकू, तुमचं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळं असेल तर शनिवारी न्यायला येते. बारा जेवणं म्हणजे तुमच्या दोन खेपा, वीज आणि पिशव्यांचा खर्च माझा. आधी एक पाकीट घरीच भिजवून मुलांना खायला घालते. त्यांनी खाल्लं तरच पुढची खेप लावते.

सनीव्हेलहून