मदत हवी आहे: पपायरसचे दांडे टोकाकडून वाळताहेत

नमस्कार मंडळी, मी भुसावळची. मागच्या पावसाळ्यात नर्सरीतून पपायरस आणलं, प्राचीन इजिप्तमध्ये ज्यापासून कागद करायचे तेच झाड. बुडाला भोक नसलेल्या सिमेंटच्या कुंडीत काळी माती आणि थोडं शेणखत घालून लावलं, वर चार बोटं पाणी कायम ठेवलं. थंडीपर्यंत माझ्या खांद्याला लागलं! वाऱ्यावर ते हिरवे झुपके हलताना बघत मी सकाळचा चहा तिथेच घेते.

एप्रिल लागला आणि दांडे तपकिरी पडायला लागले. आपल्या खान्देशचं ऊन तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ ला टेकतो. दुपारी कुंडीतलं पाणी हाताला चक्क गरम लागतं. त्यात बोअरचं पाणी जड, काठावर पांढरा थर बसतो. म्हणून दोष उन्हाचा की क्षारांचा, तेच कळेना. बुडातून नवे कोंब येताहेत, म्हणजे गड्डा जिवंत आहे.

जळगाव-धुळ्याकडे कुणी हे झाड उन्हाळाभर टिकवलंय का? हिरवी नेट बांधू की कुंडीच पूर्वेच्या भिंतीशी सरकवू? वाळलेले दांडे बुडापासून कापले तर चालेल ना? अंब्रेला पामचा (पपायरसच्याच कुळातलं झाड) झुपका पाण्यात उलटा ठेवला की मुळं फुटतात, ते मी केलंय. पपायरसचा मात्र गड्डाच फोडून लावतात. ते आत्ता करावं की पहिल्या पावसानंतर?

डासांसाठी गप्पी मासे सोडायचेत, पण एवढ्या गरम पाण्यात ते जगतील का, याचीही काळजी वाटते.