नवी मालिका महिनाभरातच पाणचट का होते?

तर्रीपोहे_नागपूर
प्रोमो पाहून नवीन मालिका लावली की पहिले आठ-दहा भाग खरंच बरे असतात. मग तेच ते: दाराआड कान लावून उभी काकू, हरवलेलं मंगळसूत्र, आठवडाभर चाललेली हळद. प्रोमोत नायिका बँकेत नोकरीला असते, महिन्याभरात ती बँक कुठं जाते देव जाणे. हे काहून होते? आणि गुंतण्याआधी ओळखायची काही रीत आहे का? ‘टीव्ही बंद करा’ हे उत्तर कृपया नको, ज्येष्ठ मंडळींच्या घरी सात ते दहा तो चालूच राहणार.

पटकथा_पाहणारा
गणितच तसं आहे. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती काढल्या की 20-22 मिनिटं उरतात. सुरुवातीचे भाग प्रसारणाच्या आधी निवांत शूट होतात, बाहेरच्या लोकेशनवर, संहितेवर नीट हात फिरवून. हा साठा (सेटवर त्याला बँक म्हणतात) संपला की जवळजवळ रोज एक भाग हातावेगळा करावा लागतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि ते कधी कधी शूटिंगच्या सकाळीच सेटवर पोचतात.

अशा वेळी ऑफिस किंवा कोर्ट परवडत नाही. तिथं नवा सेट लागतो, जास्तीचे कलाकार लागतात. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर उभंच असतं. म्हणून नायिकेची नोकरी सगळ्यात आधी जाते. हळदीचंही तेच. एकदा झेंडूच्या माळा लागल्या, सगळं खानदान एका फ्रेममध्ये आलं, की त्यातून निघतील तितके भाग काढून घ्यायचे.

ओळखायचं असेल तर पहिला आठवडा सोडा. 20 ते 25 मधला कोणताही एक भाग ॲपवर लावा. मागच्या-पुढच्या भागाची झलक वगळा आणि कागदावर फक्त दोनच गोष्टी लिहा: कोणाला नवीन काय कळलं आणि कोणी काय ठरवलं. तीन-चार ओळी झाल्या तर बघत राहा. कागद कोरा राहिला आणि ‘काय?’ या एका शब्दावर पाच चेहरे ढोलाच्या ठोक्यासह तीन-तीनदा फिरले, तर पुढे सुधारणा होईल ही आशा सोडा. श्रेयनामावलीत पटकथाकाराचं नाव मध्येच बदललं तर तीही खूण समजा.

रिमेक आहे का तेही पाहा. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमयी’वरून आली, ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून. अशा मालिकांना तयार आराखडा असतो, म्हणून सुरुवातीची घडी घट्ट बसते. मूळ कथा संपली आणि टीआरपी शाबूत असला की मग पाणी घालणं सुरू.

गुरुवारचा_आकडा
वरच्यात भर. टीव्हीवर कोण काय पाहतं ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे (म्हणजे टीआरपी) गुरुवारी येतात, आधीच्या शनिवार ते शुक्रवारचे. निवडक घरांत मीटर असतो, तो चॅनेलच्या आवाजात लपवलेली, कानाला न कळणारी खूण पकडतो. ॲपवर पाहिलेलं त्यात धरत नाहीत. कारस्थानाच्या आठवड्याला आकडा चढला की कारस्थान लांबतं. पडला की लीप (कथा एकदम काही वर्षं पुढं), नाहीतर वेळबदल. प्राइम टाइममधून दुपारी किंवा रात्री अकराला ढकलली तर गाशा गुंडाळायची तयारी समजा.

दूरदर्शनच्या काळात 13 भागांची मंजुरी मिळायची, आठवड्याला एक धरून तिमाही. लेखकाला शेवट माहीत असायचा. आता तो कोणालाच माहीत नसतो, मग कथा कुठं नेणार?

झाडीकर
माझी तक्रार निराळीच. विदर्भातलं पात्र आलं की ‘मला’चं ‘मले’ करतात आणि पुढचं वाक्य सदाशिव पेठेतलं ठेवतात. ‘मले उशीर होतोय’ असं कोण बोलते बाप्पा? ‘मले उशीर होऊन राह्यला’ पाहिजे. आणि सून सासऱ्याला ‘बे’ म्हणते! ‘बे’ बरोबरीच्यांत चालते, मोठ्यांपुढं नाही. दिवाळीनंतर वडसा, गडचिरोली, चंद्रपूरकडं झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात. बोली तिथं ऐका.

तर्रीपोहे_नागपूर
कागदाची रीत पटली. पण त्यात नापास झालेलं चॅनेल काढायचं म्हटलं तर केबलवाला म्हणतो, पॅकच घ्या.

गुरुवारचा_आकडा
तसं नसतं. ट्राय या नियामक संस्थेचे टीव्ही चॅनेलचे दर-नियम 2019 मध्ये लागू झाले तेव्हापासून सुटं चॅनेल मागता येतं. सेट-टॉप बॉक्सच्या गाइडमध्ये चॅनेलशेजारी त्याची किंमत दिसते. घरात खरोखर पाहिली जाणारी चॅनेल लिहा, किमतींची बेरीज करा, नेटवर्क शुल्क मिळवा, वर 18 टक्के जीएसटी धरा आणि पॅकशी ताडून पाहा. चार-पाचच चॅनेल असतील तर सुटी घेणं बहुतेक स्वस्त पडतं. खेळ आणि हिंदीही हवं असेल तर पॅक. फक्त महिना संपायच्या आधी सांगा, रिचार्ज मारल्यावर नाही.