कार्ब्युरेटरची एस्टीम: ट्विन वेबर लावू की इंजेक्शनवर जाऊ? खर्चाचा अंदाज हवाय

नमस्कार मंडळी,

बाबांची १९९६ ची मारुती एस्टीम आता माझ्याकडे आहे. १३०० सीसी, आठ व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर. मुलुंडला बिल्डिंगखाली उभी असते. भंगारात द्यायची नाही हे घरात पक्कं ठरलंय. रविवारी पहाटे कसारा घाटात मनासारखी पळावी आणि जमलं तर ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानातल्या वेळेच्या शर्यतीला) न्यावी, एवढीच इच्छा. बजेट दीड लाख, फार तर पावणेदोन.

गेल्या महिन्यात कार्ब उघडला तर पेट्रोलची आवक अडवणाऱ्या फ्लोटच्या नीडलचं रबरी टोक फुगलेलं, नख दाबलं की ठसा उमटत होता. आता पंपावर ई-२० च मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि ते जुन्या रबराला बाधतं. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकांवर) मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. म्हणजे कार्ब ठेवला तर जेट, आणि काहीही ठरलं तरी पेट्रोलचे होज बदलणं आलंच.

४० डीसीओई वेबर कार्ब्युरेटरची नवी जोडी मला ९५ हजार सांगितली आहे. कार्ब इंजिनाला जोडायचा मॅनिफोल्ड आणि ॲक्सिलरेटरचं लिंकेज बनवून घ्यायचे २५ हजार वेगळे. जेट, चोक, इमल्शन ट्यूब हे कार्बमधले बदलायचे सुटे भाग यात धरलेलेच नाहीत. पण जेट हाताशी असले की ट्यूनिंग आपल्याच पाना-स्क्रूड्रायव्हरने होतं, आणि तो इनटेकचा आवाज मला फार प्रिय आहे.

दुसरा मार्ग इंजेक्शनचा: याच इंजिनावर स्टँडअलोन ईसीयू (इंजेक्शन चालवणारा स्वतंत्र कॉम्प्युटर) बसवायचे १ लाख ४० हजार सांगितले. खोदून विचारल्यावर कळलं की ३ बारचा पंप, टाकीपर्यंतची रिटर्न लाइन, क्रँक सेन्सरचं ट्रिगर व्हील (इंजिनाची फिरती स्थिती कळवणारी दातेरी चकती) आणि डायनोवरचं (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचं) ट्यूनिंग, या सगळ्याचे पैसे वेगळे. असं अर्धवट कोटेशन दिलं की माणूस फसतो, याचा मला खरंच राग येतो.

तिसरा मार्ग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारातला. नंतरच्या एस्टीमचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्शनचं) इंजिन, ईसीयूसकट ४५ हजार. माझ्या ६५ बीएचपीच्या जागी ८५. माझा कल इकडेच आहे. पण मी पाहिलेल्या इंजिनाचं हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कनेक्टरपासून वीतभर अंतरावर कापलेलं होतं.

ज्यांनी हे स्वॅप (इंजिनबदल) केलंय त्यांनी कृपया सांगा: अख्खं हार्नेस वेगळं मिळतं का, की कापलेलं जोडून चालतं? टाकी कार्बवालीच ठेवून बाहेरचा पंप लावला तर घाटात वळणावर पेट्रोल तुटतं का? आरसीवर इंजिन नंबर बदलताना आरटीओत कुठले कागद मागितले? आणि डायनोचा खरा खर्च किती आला?

इंजिनवाल्याने शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय.